पहिली दहा मिनिटं दवाखान्यानं सोबत चालावं

मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
आणि
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका
यांस खुले पत्र



मानपाडे दोन आहेत, हे तुम्हां दोघांना ठाऊक आहेच. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यालगत. मी पहिल्यात राहते, माझी धाकटी बहीण दुसऱ्यात. महापालिका दोन, पण ज्या गोष्टीसाठी लिहिते आहे ती दोन्हीकडे सारखीच आहे, म्हणून पत्र एकच.

आम्हां दोघींनाही बीपी आहे. आईला होतं, मावशीला होतं. आमच्या इमारतीत दार वाजवत गेलं तर दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात सकाळच्या चहाबरोबर एक छोटी पांढरी किंवा गुलाबी गोळी घेतली जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी गोळ्या चालू होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासातून २०२३ साली पुढे आलेला प्रौढांचा आकडा तर ३५.५ टक्के आहे. म्हणजे हा फक्त घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरवाल्यांचा आजार नाही आणि फक्त म्हाताऱ्यांचाही नाही.

यातल्या ज्यांना आपलं बीपी कळलंय, त्यांना डॉक्टरांनी एक गोष्ट नक्की सांगितलेली असते: रोज चाला. केसपेपरवर गोळ्यांच्या नावांखाली ती ओळ लिहिलेलीही असते. चालणं चांगलं हे माहीत नाही असा बीपीचा पेशंट मला अजून भेटलेला नाही. तरीही बहुतेकजण सुरू करतात आणि सोडतात. व्यायाम सुरू करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे जण पहिल्या सहा महिन्यांत थांबतात, असं या विषयाचे अभ्यासक गेली चाळीसएक वर्षं सांगत आले आहेत. मग घरचे हिणवतात, आरंभशूर म्हणतात, आणि माणूस स्वतःही तेच धरून बसतो की आपल्याच्यानं होत नाही.

मला हा आळस वाटत नाही. मला यात भीती दिसते, आणि ती भीती दवाखान्यात कुणी विचारातच घेत नाही. ती घ्यावी आणि तिच्यावर उपाय तुमच्या दवाखान्यांतूनच मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आमचा बायकांचा एक गट पहाटे सर्व्हिस रोडनं चालतो. मागच्या दिवाळीनंतर त्यात एक काकी यायला लागल्या. साठीच्या आसपासच्या, घरकामात कुणाला न ऐकणाऱ्या, पण रस्त्यावर आल्या की एकदम बिचकणाऱ्या. एके दिवशी उड्डाणपुलाच्या अलीकडे त्या थांबल्या, छातीवर हात ठेवला आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. "बाई गं, चढलं वाटतं माझं." काय चढलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "बीपी. बघ ना, कशी धडधडतेय छाती. घाम फुटलाय." छातीत दुखतंय का, हात जड झालाय का, डोळ्यांपुढे अंधारी येतेय का, हे आम्ही आधी विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. तेवढ्यात एक रिक्षा अगदी पायाजवळून गेली आणि काकींनी त्या रिक्षावाल्याला चांगली तीन-चार लांबलचक वाक्यं ऐकवली. श्वास न अडकता. घरी नेऊन त्यांना खुर्चीवर बसवलं, पाठ टेकवली, पाय जमिनीवर सपाट ठेवायला लावले आणि पाचेक मिनिटं गप्प बसू दिलं. मग मशीन लावलं. निघण्याआधी त्यांचं वरचं १४६ होतं, आता १३२ आलं. काकी मशीनकडे बघत राहिल्या. "मशीन बिघडलंय का?" म्हणाल्या. पुन्हा लावलं. १३०.

त्या दिवशी त्यांना जे कळलं, ते त्यांच्या इतक्या वर्षांच्या केसपेपरांत कुठे लिहिलेलं नव्हतं. चालताना छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम येतो. ही शरीर काम करत असल्याची खूण आहे. चालताना वरचा आकडा वाढतोही, तो निरोगी माणसाचाही वाढतो, कारण पायांच्या स्नायूंना जास्त रक्त हवं असतं. पण त्याच वेळी त्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि चालणं थांबवून शांत बसलं की दाब बहुधा आधीपेक्षा खाली येतो. हा उतार काही तास टिकतो. नेमानं चालत राहिलं तर बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा ५ ते ८ मिलिमीटरनं कमी होऊ शकतो. एखाद्या गोळीच्या परिणामाच्या जवळ जाणारी ही घट आहे, गोळी चालू ठेवून वर मिळणारी. (गोळी सोडून चालायला लागणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तसं करू नका. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.)

उलट वाढलेलं बीपी बहुतेक वेळा काहीच खूण दाखवत नाही. ज्या दिवशी माणूस सोफ्यावर आरामात बसलेला असतो त्या दिवशी त्याचा आकडा १७० असू शकतो आणि त्याला काही जाणवणार नाही. ज्या दिवशी तो चालून घामाघूम होतो त्या दिवशी तो खरं तर बरा असतो, आणि त्याच दिवशी घाबरतो. ही उलटापालट कुणी समोर बसून समजावून दिली नाही, तर माणूस आपल्याच शरीराचं म्हणणं चुकीचं ऐकतो आणि घरी बसतो.

अल्बर्ट बंडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात. २०२१ साली गेले. १९७७ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. एखादं काम आपल्याला जमेल असा विश्वास माणसात कुठून येतो, हा त्याचा विषय. त्यांचे प्रयोग बरेचसे सापाला घाबरणाऱ्या लोकांवरचे होते. साप निरुपद्रवी आहे हे सांगून भीती जात नव्हती. कुणीतरी सोबत उभं राहून, आधी लांबून, मग जवळून, मग हात लावून बघायला दिलं की जात होती. बंडुरांच्या मते असा विश्वास सर्वांत भक्कम उभा राहतो तो स्वतः करून बघितल्यानं. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला करताना बघून. मग भरवशाच्या माणसाच्या शब्दानं. आणि धडधड, घाम, थकवा यांचा अर्थ आपण काय लावतो, त्यावरून. केसपेपरवरची 'रोज चाला' ही ओळ यातलं फक्त तिसरं काम करते, तेही अर्धवट, कारण ती लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढे ओपीडीची रांग असते आणि मान वर करायलाही फुरसत नसते.

स्टॅनफर्डमध्येच, १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, क्रेग यूअर्ट, बार टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना, झटक्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, देखरेखीखाली ट्रेडमिलवर चालवलं. चालून झाल्यावर त्या पुरुषांचा स्वतःवरचा भरवसा वाढला, आणि घरी गेल्यावर कोण किती हालचाल करेल हे त्या भरवशावरून जास्त नीट सांगता आलं, ट्रेडमिलवरच्या नाडीच्या आकड्यांवरून तितकं नाही. पुढचा प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासासाठी त्यांनी पेशंटच्या बायकांनाही बोलावलं. काही बायका बाहेर थांबल्या. काहींनी नवऱ्याला ट्रेडमिलवर चालताना पाहिलं. काही स्वतः तेवढ्याच जोरानं तीन मिनिटं चालून आल्या. ज्या स्वतः चालल्या त्यांना कळलं की नवऱ्याचं हृदय किती सोसू शकतं. नुसत्या बघणाऱ्यांचा भरवसा मागेच राहिला.

घरच्यांचा भरवसा मागे राहण्याची ही गोष्ट आमच्याकडे रोज घडताना दिसते. आईचं बीपी वाढलं की लेक धावत येते आणि म्हणते, तू बस, मी करते. सून पाण्याची बादली हातातून काढून घेते. नवरा म्हणतो, जिना नको, लिफ्टनं जा. यातला प्रेमाचा भाग खरा आहे, पण तू आता नाजूक झालीस हा निरोपही त्यात असतो, आणि तो रोज दहादा ऐकला की माणूस नाजूक होतोच. बहिणीच्या घरी मी हे जवळून बघितलंय. तिच्या मुलानं तिला चालायला जाऊ नको असं कधी म्हटलं नाही, पण ती निघाली की 'मोबाइल घेतलास का, फार लांब जाऊ नकोस, काही वाटलं तर लगेच फोन कर' एवढं दारात ऐकून ती अर्ध्या वाटेवरून परतायची. एका रविवारी तोच तिच्याबरोबर गेला. आईला धाप लागते तेवढीच आपल्यालाही लागते, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि दारातल्या सूचना बंद झाल्या.

आता मागणी.

तुमच्या दवाखान्यांत, मग तो आपला दवाखाना असो की नागरी आरोग्य केंद्र, बीपीचं नवं निदान झालेल्या माणसाला डॉक्टरांनी चालायला हरकत नाही असं म्हटलं की त्याला 'रोज चाला' एवढं सांगून घरी पाठवू नये. तिथल्या तिथे त्याचं बीपी नीट मोजावं. मग नर्स किंवा प्रशिक्षण दिलेली आशाताई त्याच्याबरोबर दवाखान्याच्या आसपास दहा मिनिटं चालावी. चालताना तिनं त्याला बोलतं ठेवावं आणि सांगावं की बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, हा वेग तुमचा. नाडी मोजायला शिकवू नये, कारण बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेगच कमी ठेवतात आणि मग त्या आकड्यानं माणूस आणखी गोंधळतो. परत येऊन बसवावं, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि दोन्ही आकडे एकाच कार्डावर शेजारी शेजारी लिहून द्यावेत. घरचं एक माणूस बरोबर असेल तर त्यालाही चालवावं. बाहेर बाकड्यावर बसवून ठेवू नये.

इथे एक सावधगिरी मी मुद्दाम लिहिते. आकडा १८०/११० किंवा त्याच्या वर असेल, छातीत दुखत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चक्कर येऊन पडायला झालं असेल, तर आधी डॉक्टर, चालणं नंतर. हेही कार्डावर ठळक असावं, म्हणजे कशाला घाबरायचं आणि कशाला नाही ते दोन्ही माणसाला एकाच ठिकाणी मिळेल.

यासाठी नवी योजना लागत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म आशाताई भरतातच. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर यांच्याबरोबर हाही प्रश्न आहे की आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का. 'नाही' या उत्तराला गुण पडतात, बेरीज होते, बेरीज चारच्या वर गेली तर तपासणीला आधी बोलावलं जातं. म्हणजे कोण चालत नाही याची यादी सरकारकडे गल्लीवार आहे. त्या 'नाही'चं पुढे काय करायचं, हे मात्र फॉर्ममध्ये नाही. २०२४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांपर्यंत जातं. एवढ्या मोठ्या संख्येला आळशी म्हणून मोकळं होता येत नाही.

आणि गोळ्यांच्या बाबतीत हेच काम महाराष्ट्रानं करून दाखवलंय. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या फळीत होते. एकच ठरलेली उपचारपद्धत, औषधांचा न तुटणारा पुरवठा, प्रत्येकाची नोंद आणि न आलेल्या पेशंटचा पाठपुरावा, एवढ्या साध्या गोष्टींवर तो उभा राहिला. गोळी चुकवणाऱ्याची आठवण काढता येते तर चालणं सुटलेल्याचीही काढता येईल. महिन्याच्या गोळ्या घ्यायला माणूस खिडकीशी येतोच. तिथे 'चालता का?' असं दरडावून विचारलं तर तो 'हो' म्हणेल आणि निघून जाईल. 'कुठे अडलं?' असं विचारलं तर खरं सांगेल.

काय सांगेल, त्यातलं थोडं मी सांगते.

पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे पहाटे बाहेर पडणं म्हणजे खड्डा कुठे आणि गटाराचं झाकण कुठे याचा अंदाज घेत जाणं. मग गणपती, मग नवरात्र, मग दिवाळीची साफसफाई. मेमध्ये पोरं सुटीला घरी. मधेच ताप, चिकनगुनिया, गुडघा, कुणाचं तरी दुखणं काढायला गावी जाणं. चालणं मोडतं ते अशानं, आणि मोडलं की पुन्हा जोडता येत नाही. जर्मनीतले राल्फ श्वार्त्सर हे या विषयातले मोठे अभ्यासक. त्यांनी सुरुवात करण्याचा विश्वास वेगळा मानला, अडचणीत टिकून राहण्याचा वेगळा आणि तुटल्यावर पुन्हा धरण्याचा वेगळा. आपल्याकडे सगळा जोर पहिल्यावर असतो. जागतिक रक्तदाब दिन, प्रभातफेरी, टोप्या, फोटो. पण कोकणपट्टीत, जिथे वर्षाचे चार महिने पावसात जातात, तिथे तिसऱ्या विश्वासाशिवाय कुणाचंही वर्ष पुरं होणार नाही. म्हणून कार्डावर 'पुन्हा सुरू केलं' अशी तारखेची जागा असावी, आणि ती भरली की सिस्टरनं तोंडभर कौतुक करावं. मधे किती दिवस बुडले, याचा हिशेब कुणी मागू नये.

पावसासाठी एक सोय तुमच्या हातात आहे. महापालिकेच्या शाळा. सकाळची घंटा होण्याआधी तासभर खालच्या मजल्याचा व्हरांडा चालणाऱ्यांसाठी उघडा ठेवला, एक पहारेकरी आणि दोन दिवे, एवढ्यावर पावसाळ्याचे चार महिने वाचतील.

दुसरी अडचण बायका तोंडानं सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. बीपीच्या काही गोळ्यांत ज्याला आम्ही पाण्याची गोळी म्हणतो ती असते. सकाळी ती घेतली की तास-दोन तासांत दोन-तीनदा जावं लागतं. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर किंवा मानपाडा रोडवर पहाटे साडेसहाला बाईमाणसानं जायचं कुठे? मग ती एकतर गोळी पुढे ढकलते, नाहीतर चालणं सोडते. बहुतेकदा चालणं सोडते. चालण्याच्या वाटेवर एक स्वच्छ, उघडं, दिवा असलेलं स्वच्छतागृह आणि टेकायला दोन बाकडी ही बीपीच्या उपचाराचाच भाग समजावी. बाकडं मुद्दाम म्हणते आहे. पुढे बसायला जागा आहे हे माहीत असलं की माणूस त्या बाकड्यापर्यंत जायला तयार होतो. नसलं तर घराभोवती घुटमळत राहतो.

डोंबिवलीच्या मानपाड्याची अडचण आणखी वेगळी. तिथे माणूस पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री नऊला उतरतो. त्याला 'सकाळी पाऊण तास काढा' असं सांगणं म्हणजे त्याच्या आयुष्याकडे न बघता सांगणं. पण तो स्टेशनचा पूल चढतो, उतरतो, शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. ते जिने कंडक्टर काही व्यायाम म्हणून चढत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सलग दहा मिनिटंच धरावीत ही जुनी अट काढून टाकली. तुकड्या-तुकड्यांतली हालचालही जमेस धरली जाते. स्टेशनपासून निम्म्या वाटेपर्यंत पायी आणि पुढे रिक्षा, हे त्या माणसाला जमण्यासारखं आहे आणि ते व्यायामात धरलं जातं, असं त्याला दवाखान्यात कुणीतरी अधिकारानं सांगायला हवं. आपण आधीपासून काहीतरी करतोच आहोत, हे कळणं मोठं बळ देतं. दहा हजार पावलांचा आकडा मात्र कृपा करून तुमच्या फलकांवर लावू नका. तो १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना आला. तीन हजारांवर असलेल्या माणसाला तो फक्त इतकंच सांगतो की तू अजून कुठेच नाहीस.

ठाण्याची वर्षा मॅरेथॉन मला आवडते. पावसात धावणारी पोरं बघून छान वाटतं. पण तिच्याकडे बघून आमच्या काकींना चालावंसं वाटणार नाही, कारण त्यांना त्यात त्यांच्यासारखं कुणी दिसत नाही. त्यांना दिसली पाहिजे ती शेजारच्या इमारतीतली, गुडघ्याला पट्टा बांधलेली, पाचवारी साडीतली बाई, जिचं बीपी त्यांच्याइतकंच होतं आणि जी आता देवीच्या देवळापर्यंत जाऊन येते. म्हणून दर दवाखान्यामागे असे दोन-तीन जुने पेशंट 'सोबती' म्हणून नेमा. त्यांना फार शिकवायची गरज नाही. नव्या माणसाबरोबर पहिले काही आठवडे चालायचं आणि तो आला नाही तर फोन करायचा.

असं सोबतीनं चालणं आपल्याला नवं नाही. आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्यांत बीपीच्या गोळ्या पिशवीत बांधून घेतलेली माणसं हजारांनी असतात. एरवी गावच्या वेशीपर्यंत न जाणारी म्हातारी वारीत चालते, कारण दिंडीत तिची जागा ठरलेली असते, पुढच्या-मागच्याला ती माहीत असते, ती मागे पडली तर हाक येते, आणि वयानं तिच्याएवढ्या दहाजणी डोळ्यांपुढे चालत असतात. डोंबिवलीच्या घरडा सर्कलजवळच्या क्रीडा संकुलाला ज्यांचं नाव आहे ते ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे वारकरी कीर्तनकारच होते. त्या संकुलात आठवड्यातून एक सकाळ बीपीच्या पेशंटांसाठी राखून ठेवावी, अशी माझ्या बहिणीची सूचना आहे, आणि ती मी तिच्या आग्रहावरून इथे घालते आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. हे काम आशाताईंच्या आणि नर्सबाईंच्या डोक्यावर फुकटात टाकू नका. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. पेशंटला चालवून आणणं हे काम आहे, तर त्याचा मोबदला ठरलेला असावा, वेळ ठरलेली असावी आणि त्याची नोंद दुसऱ्या दहा नोंदवह्यांवर चढवलेली अकरावी वही नसावी. एका केंद्रापासून सुरुवात करा, ठाण्यात एक, डोंबिवलीत एक. सहा महिने बघा. किती जण पहिल्या दिवशी आले याचा फलक लावू नका. गणपतीनंतर किती जण परत आले ते मोजा. जमलं नाही तर तेही लोकांना सांगा, आम्ही गटातल्या बायका तुम्हांला त्यासाठी बोल लावणार नाही.

आमच्या काकी आता गटाच्या पुढे असतात. नव्या आलेल्या बाईला धाप लागली की तिचा हात धरून थांबवतात आणि 'बोल माझ्याशी' म्हणतात. असं मनुष्यबळ तुमच्या दोन्ही शहरांत गल्लोगल्ली आहे. त्याला एक खोली, एक नीट चालणारं मशीन आणि महापालिकेचा शब्द हवा आहे. केंद्र ठरलं की कळवा. ठाण्याच्या मानपाड्यातून आम्ही येऊ, डोंबिवलीच्या मानपाड्यातून माझी बहीण आणि तिच्या शेजारणी येतील. पहाटेची वेळ आम्हांला चालेल, फक्त सोमवार नको, त्या दिवशी पाण्याची वेळ बदलते.

आपली,
मानपाडा (ठाणे) येथील एक रहिवासी

ता. क. : बीपी मोजायच्या मशीनबरोबर दंडाला बांधायचा पट्टा बहुतेकदा एकाच मापाचा येतो. दंड जाड असेल तर तो लहान पट्टा आकडा खरा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि पेशंट पहिल्याच दिवशी विनाकारण घाबरून जातो. खरेदीच्या यादीत मोठ्या मापाचा पट्टा आवर्जून घालावा.